आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या आई-बापांसाठी

मुलाच्या डोक्याला जबर मार लागलाय, 'सिरियस आहे' असं सांगून डॉक्टरांनी कागदावर सही घेतलीय, दार लागलंय आणि तुम्ही बाहेर आहात. त्या बाकड्यावर मी बसलो आहे. मी बेस्टमध्ये कंडक्टर. माझी मुलगी सई पाचवीत होती तेव्हा भांडुपला एलबीएस रोड ओलांडताना तिला एका बाईकवाल्याने उडवलं. महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती आधी आयसीयूत आणि मग वॉर्डात, अशी बरेच दिवस होती. उपचार काय करायचे ते डॉक्टर बघतील. बाहेर बसलेल्या माणसाने काय करायचं, ते मला सांगायचंय, कारण ते आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

आत रेसिडेंट डॉक्टर बदलत राहतात. सिस्टरांच्या तीन पाळ्या होतात. मोठे सर राउंडला येतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. सगळ्या पाळ्यांना हजर असलेलं, आणि मूल अपघाताआधी कसं होतं हे माहीत असलेलं माणूस एकच, तुम्ही. त्यामुळे कालचं आजला जोडून ठेवणं हे तुमचं काम. त्यासाठी ताकद राखायची, आणि वही घालायची.

वही

पहिल्याच दिवशी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणि दोन पेनं आणा. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायची माझी सवय, म्हणून असेल, पण मला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा झाला नाही. तारीख, वेळ, बोलणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. नवीन औषध, बंद झालेलं औषध, ताप किती, झटका (फिट) आला का आणि किती वेळ टिकला, सीटी स्कॅन कधी झाला. वहीच्या मागच्या बाजूने उद्या विचारायचे प्रश्न. सईला वॉर्डात हलवलं त्या संध्याकाळी झटक्याच्या औषधाचा एक डोस नव्या कागदावर उतरायचा राहिला होता. माझ्या बायकोने वही उघडून सिस्टरना दाखवली. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि औषध चालू झालं. हुज्जत नाही, आवाज नाही.

वहीत रोज एक आकडा लिहा, जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, मूल किती शुद्धीत आहे याचे मार्क. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजणी काढली आणि आज सगळीकडे तीच वापरतात. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. सगळ्यात कमी ३, शून्य नाही. ८ किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर. घशात नळी असेल तर बोलण्याचे मार्क देता येत नाहीत, तिथे 'टी' लिहितात, म्हणून नुसती बेरीज ऐकून घाबरू नका. 'डॉक्टर, एम किती आहे?' असं विचारा. एम म्हणजे हालचाल. ६ म्हणजे सांगितलेलं ऐकून करतो, ५ म्हणजे दुखवलेल्या जागेपर्यंत हात नेतो. सईचा एम चारवरून पाचवर गेला त्या दिवशी बाकी सगळं तसंच होतं, व्हेंटिलेटर तोच, नळ्या त्याच. पण आम्ही दोघं त्या रात्री पोटभर जेवलो.

पहिले काही दिवस

मार लागला त्या क्षणी जे व्हायचं ते होऊन जातं. नंतरची लढाई सुजेशी असते. कवटी हाडाची, ती ताणत नाही, आतला मेंदू सुजला की दाब वाढतो आणि रक्त पोचेनासं होतं. ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते. म्हणून पहिला स्कॅन बरा आला तरी डॉक्टर 'थांबा, बघू' म्हणतात. तिसऱ्या दिवशी तब्येत बिघडली तर कोणाचं तरी चुकलं असेलच असं नाही. ही गोष्ट घरच्या तापट माणसाला आधीच समजावून ठेवा, आणि तो फारच तापट असेल तर त्याला रक्तपेढीच्या किंवा औषधांच्या कामाला लावा.

पलंगाची डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर असते आणि मान सरळ ठेवलेली असते. डोक्यातलं रक्त शिरांतून नीट खाली उतरावं म्हणून ते असतं. मायेने उशी सरकवू नका, मान आपल्याकडे वळवू नका. हात-पाय हलत नाहीत म्हणून रडण्याआधी विचारा, 'झोपेचं औषध चालू आहे का? कधी कमी करणार?' पुष्कळदा मूल औषधामुळे निपचित असतं. मॉनिटर वाजला की पोटात गोळा येतो, पण बऱ्याच वेळा बोटाचा चिमटा निसटलेला असतो. सिस्टरकडे बघा. त्या शांत असतील तर तुम्हीही शांत राहा.

ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर विचारून घ्या, कोणती बाजू आणि हाड कुठे ठेवलंय. कधी ते पोटाच्या कातडीखाली ठेवतात, कधी फ्रीझरमध्ये, आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने बसवतात. तोवर त्या बाजूला फक्त कातडी असते. आम्ही मोठ्या अक्षरांत 'इकडे हाड नाही' असं लिहून सिस्टरांच्या परवानगीने पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं होतं. ड्युटीवर येणाऱ्या प्रत्येक मावशीने आणि मामाने ते वाचलं.

गळ्याला भोक पाडायचं म्हटलं की आई कोसळते. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, कफ काढणं गळ्यातून सोपं जातं, झोपेचं औषधही कमी लागतं, म्हणून ट्रॅकिओस्टॉमी करतात. मूल सुधारलं की ती नळी काढतात आणि भोक बुजतं. नळी आहे तोवर सहसा आवाज येत नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. याचा अर्थ मूल मुकं झालं असा नाही.

आणि एक शब्द. बाहेर कोणीतरी, चहावाला नाहीतर शेजारच्या पेशंटचा भाऊ, विचारतोच, 'ब्रेन डेड झालीय का?' कोमा आणि ब्रेन डेड या वेगळ्या अवस्था आहेत. कोमातल्या माणसाचा मेंदू इजा झालेला असतो, पण जिवंत असतो. ब्रेन डेड म्हणजे मृत्यूच. अवयवदानासाठी तसं जाहीर करायचं तर १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या समितीला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला तर बसा, पाणी प्या आणि नेमकं विचारा, 'तपासण्या झाल्या का? कोणी केल्या? कागद दाखवाल का?' दुसऱ्या कोणाच्या तोंडून आला तर तिथून उठून जा.

राउंडला काय विचारायचं

'वाचेल ना?' हे आपण विचारतोच. पण त्याला उत्तर एकच मिळतं, 'आम्ही प्रयत्न करतोय.' त्यापेक्षा हे चार प्रश्न रोज विचारा. कालपासून काय बदललं? आज तुम्हाला कशाची काळजी वाटतेय? आज काय करणार आहात? आम्ही काय करू? घरातल्या एकानेच विचारायचं, रोज त्यानेच. पाच नातेवाईक पाच वेळा विचारतात तेव्हा पाच उत्तरं मिळतात आणि मग घरात भांडणं होतात. रेसिडेंट डॉक्टर रात्रभर जागलेलं पोरगं असतं, आपल्या धाकट्या भावाच्या वयाचं. 'डॉक्टर, दोन मिनिटं मिळतील तेव्हा सांगा, मी इथेच आहे' एवढं म्हटलं की ते नक्की थांबतात.

आत सोडतात ती पाच-दहा मिनिटं

हात कोपरापर्यंत धुवा. सर्दी-खोकला असेल त्याने जाऊ नये, मग तो सख्खा मामा का असेना. पलंगाजवळ एका वेळी एकानेच बोलायचं, हळू आणि छोटी वाक्यं. 'सई, पप्पा आलेत. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. तुला लागलंय, डॉक्टर बरं करतायत.' रोज हेच. मग घरचं काहीही सांगा, कोणत्या मैत्रिणीने चौकशी केली, गॅलरीतल्या मांजरीने काय केलं. तिला ऐकू येतं की नाही याचा हिशोब करत बसू नका, येतंय असं धरून बोला. म्हणूनच तिच्या पलंगाशी रडून 'आता कसं होणार' असं कोणाला बोलू देऊ नका. डोक्यातला दाब वाढलेला असताना सिस्टर 'आज हात लावू नका, बोलू नका' म्हणतील. त्या दिवशी नुसतं उभं राहायचं.

आता जे सांगतो ते आजीला, काकूला सगळ्यांना सांगा. तोंडात तीर्थ, गंगाजल, मध, साखरपाणी यातलं काहीही, एक थेंबसुद्धा घालायचं नाही. शुद्ध नसलेल्या मुलाला गिळता येत नाही. तो थेंब फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. डोक्याच्या मारातून वाचलेलं मूल त्याने जाऊ शकतं. अंगारा कपाळाला, जखमेजवळ लावू नका. पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सिस्टरना विचारून उशाशी ठेवा. आमच्या गावच्या देवीचा अंगारा तसाच होता शेवटपर्यंत, आणि माझी आई त्यावर समाधानी होती. डोक्याला तेल चोळायचं नाही, हेही सांगून ठेवा.

ड्युटी लावा

सगळ्यांनी रात्रंदिवस बसणं हे प्रेम आहे, पण ते फार टिकत नाही. आम्ही कागदावर ड्युटी लावली. रात्री मी, राउंडच्या वेळी बायको, दुपारी माझा मेव्हणा. ज्याची ड्युटी संपली त्याने घरी जायचं, अंघोळ करायची, आडवं व्हायचं. बाहेरगावाहून आला असाल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना राहायच्या सोयीचं विचारा. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन बाहेरगावच्या पेशंट आणि नातेवाइकांसाठीच आहे.

जवळ काय लागतं? चटई, पातळ चादर, डासांचं मलम, लांब वायरचा चार्जर, पाण्याची बाटली, कुलूप लागेल अशी पिशवी, स्वतःची बीपी-शुगरची औषधं. शुगरवाल्या आई-बापांनी जेवण टाळू नये, तुम्हीच चक्कर येऊन पडलात तर कॅज्युअल्टीत दुसरा केसपेपर निघेल. पावसाळ्यात एक माणूस कायम हॉस्पिटलच्या जवळ राहणारा हवा. रुळांवर पाणी आलं की कल्याणचा मेव्हणा कल्याणलाच राहतो, आणि त्याच वेळी आतून औषधाची चिठ्ठी येते.

फोनचा त्रास सगळ्यात मोठा. व्हॉट्सअॅपवर एकच ग्रुप करा आणि रात्री आठला एक निरोप टाका. बाकी फोन वहिनीने घ्यायचे, आई-बापांनी नाही. घरी दुसरं मूल असेल तर त्याला रोज आई किंवा बाप, दोघांपैकी एक दिसलाच पाहिजे. सईचा मोठा भाऊ काही बोलायचा नाही, पण मी येईपर्यंत जेवायचा नाही. मग मी रात्रीच्या ड्युटीला जाण्याआधी त्याच्यासोबत जेवायला लागलो.

कागद आणि पैसे

रस्त्यावरचा अपघात म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल केस. हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीत नोंद होते. एमएलसी नंबर, पोलीस ठाण्याचं नाव आणि गाडीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, एफआयआरची प्रत मागून घ्या. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल होईल असं बघा. त्याला सगळी मूळ बिलं लागतात, औषधाच्या दहा रुपयांच्या पावतीपासून. गाडीवाला पळून गेला आणि सापडलाच नाही तर हिट अँड रनच्या सरकारी योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. २०२५पासून केंद्राची रस्ते अपघातासाठी कॅशलेस योजनाही आहे. ठरलेल्या हॉस्पिटलांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार त्यात येतात. दाखल करतानाच विचारा, नंतर नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्या दिवशीच त्याच्याकडे जा. रेशनकार्डात मुलाचं नाव चढवलेलं नसेल तर त्याच दिवशी कोणाला तरी रेशनिंग ऑफिसात पाठवा. खासगी पण धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात देणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात 'धर्मादाय योजनेचा फॉर्म द्या' असं स्पष्ट म्हणा. याशिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज असतो. सगळ्या कागदांच्या दहा-दहा झेरॉक्स काढून ठेवा, आणि 'मी काम करून देतो' म्हणत कॉरिडॉरमध्ये फिरणाऱ्याच्या हातात मूळ कागद कधीच देऊ नका. लोक मदत पाठवतील, ती एकाच खात्यात घ्या आणि वहीत लिहा.

जाग येते ती अशी

सिनेमात पेशंट डोळे उघडतो आणि 'आई' म्हणतो. तसं होत नाही. डोळे उघडतात आधी, समज येते नंतर, कधी पुष्कळ नंतर. उघडे डोळे छताकडे लागलेले असतात आणि तुम्ही समोर असून ते तुमच्याकडे बघत नाहीत. हे दिवस मला सगळ्यात जड गेले. ज्यांना हे आधीच ठाऊक असेल त्यांना थोडे कमी जड जातील, म्हणून सांगतो.

तुमचं बोट मुलाने घट्ट धरलं तर ती समज असेलच असं नाही. तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटू शकते, तान्ह्या बाळाची मिटते तशी. म्हणून 'धर' म्हणू नका. 'सोड' म्हणा, 'अंगठा दाखव' म्हणा, 'दोन बोटं दाखव' म्हणा. सांगून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा, इजा झालेल्या मेंदूला वेळ लागतो. घाईत परत परत सांगितलं की त्याचा गोंधळ होतो. आरसा किंवा तुमचा चेहरा हळूहळू बाजूला न्या, नजर मागे येते का बघा. काही दिसलं की वेळ लिहा आणि सिस्टरना विचारून मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा नेमकं मूल झोपलेलं असतं, तुमचा व्हिडिओ मग कामाला येतो. सईने अंगठा दाखवला तो पहाटे, माझ्या ड्युटीत.

अचानक घाम, ताप, नाडी जोरात, हात-पाय ताठ असं वारंवार होत असेल तर लिहून ठेवून सांगा. जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा मेंदूच्या इजेमुळेच शरीराची यंत्रणा भडकलेली असू शकते. दोन्हीवर औषधं वेगळी आहेत.

त्यानंतर बऱ्याच मुलांचा एक खवळलेला काळ येतो. नळ्या ओढतात, मारतात, कधी ऐकली नाहीत अशा शिव्या देतात. आपल्या मुलीच्या तोंडून ते ऐकणं... पण ही सुधारण्याच्या वाटेवरची पायरी आहे, मुलाचा स्वभाव नव्हे, आणि पुढे त्याला त्यातलं बहुधा आठवतही नाही. रागवू नका, समजूत घालत बसू नका. दिवे कमी, आवाज कमी, टीव्ही आणि मोबाईल बंद, जवळ एकच माणूस. भेटायला येणाऱ्यांना गेटवरूनच परत पाठवा. वाईट वाटलं तर वाटू दे.

वॉर्डात आणि घरी

वॉर्डात एका सिस्टरकडे खूप पेशंट असतात, तिथे तुमच्या हातांची खरी गरज पडते. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज बघायची. लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर लगेच सांगा, बेडसोअर तिथून सुरू होतो. पावलं खाली लोंबून ताठ होतात, त्यासाठी स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा आधार. फिजिओथेरपिस्ट येतील तेव्हा बाजूला उभं राहून शिका आणि त्यांच्यासमोर करून दाखवा.

घरी सोडायचा दिवस 'उद्या' म्हणून एकदम येतो. त्याआधी राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, भरवणं आणि गळ्यातली नळी साफ करणं सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून घ्या, घरातल्या दोघांनी तरी. भरवताना मूल अर्धवट बसलेलं हवं, आणि नंतर निदान अर्धा तास तसंच. नाकातल्या नळीवरची खूण सरकली असेल तर भरवायचं नाही. झटक्याचं औषध स्वतःहून बंद करायचं नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख, हाड बसवायचं असल्यास कधी, आणि कोणत्या लक्षणांना लगेच परत यायचं हे लिहून घ्या. सतत उलटी, न उठणारी झोप, नवा झटका, हाड काढलेल्या जागी फुगवटा, यातलं काही दिसलं तर १०८ला फोन.

पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५पासूनची. चालणं, हात, स्प्लिंट सगळं एका ठिकाणी होतं. बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून डिस्चार्जची वाट न बघता चौकशी करून ठेवा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत भराभर दिसते, पुढे संथ होते, पण मुलांमध्ये ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. कमीजास्त राहिलं तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. लोकांना काय वाटेल म्हणून थांबू नका, दहावीला लेखनिक आणि वाढीव वेळ त्यावरच मिळतो.

सई आता चालते. उजवा हात सावकाश चालतो, दुपारनंतर दमते, आणि वर्गात गलका झाला की तिचा पारा चढतो. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून नव्या बाई तिला आळशी समजतात. दर जूनमध्ये मी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन शाळेत जातो आणि वर्गशिक्षिकेला तीन गोष्टी लिहून देतो. पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, दमली तर दहा मिनिटं डोकं टेकू द्या. तुमच्या मुलाच्या तीन गोष्टी वेगळ्या असतील. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातच जाऊन द्या, तेव्हा बाईंना ऐकायला वेळ असतो.